रेड फ्लॅगची यादी नेमकी कुणाच्या पाठीवरून लिहिली गेली?

फिजिओथेरपीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो कंबरदुखीचे रेड फ्लॅग घडाघडा म्हणून दाखवतो. वय पन्नासच्या वर, पूर्वी कॅन्सर, कारण नसताना घटलेलं वजन, ताप, रात्रीची वेदना, स्टिरॉइड, मोठा अपघात, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. परीक्षेत पाच गुण पक्के! पण ही यादी आली कुठून, कुणी केली, कुणाचे रुग्ण बघून केली, हे विचारलं की वर्ग गप्प होतो.

आजची पोस्ट त्या प्रश्नावर आहे. विषय फिजिओथेरपीचा असला तरी ही गोष्ट इतिहासाची आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी ती मुद्दाम वाचावी, कारण आपण ज्याला 'स्टँडर्ड' म्हणतो ते कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी घडवलेलं असतं, आणि ते कसं घडलं हे कळलं की संशोधनाचा प्रश्न आपोआप दिसू लागतो.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. रेड फ्लॅग म्हणजे धोक्याची खूण. कंबर किंवा पाठ दुखणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना गंभीर काही नसतं. आपल्याकडे त्याला उसण भरली, चमक निघाली, गादी सरकली, नाहीतर 'मणक्यात गॅप आली' असं काहीही म्हणतात. पण थोड्या लोकांच्या दुखण्यामागे कॅन्सर, मणक्याचं फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग किंवा मज्जारज्जूच्या खालच्या नसांच्या जुडग्यावरचा दाब असतो. अशांना शेक आणि व्यायाम देत बसलो तर वेळ हातातून जातो. ती थोडी माणसं गर्दीतून ओळखता यावीत म्हणून ही यादी.

लंडन, १७७९

गोष्ट सुरू करायची तर पर्सिव्हल पॉट यांच्यापासून. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधले हे सर्जन. १७७९ साली त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं. पाठीला बाक आलेल्या रुग्णांचे पाय निकामी होतात, त्या प्रकाराबद्दल ते होतं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये झाँ-पिएर दाव्हिद यांनीही याच आजाराचं वर्णन केलं, पण नाव चिकटलं ते पॉट यांचंच. आजही आपण 'पॉट्स स्पाइन' म्हणतो.

पॉट यांचं निरीक्षण बघण्यासारखं आहे. नेहमीच्या लकव्यात स्नायू लुळे पडतात, इथे मात्र पाय ताठर होतात, हा फरक त्यांनी टिपला. पाय जातात ते केवळ पाठ वाकली म्हणून नव्हे, मूळ दोष हाडं किडण्यात आहे, असं ते सांगत होते. आणि वाकलेली पाठ यंत्रं लावून, ताणून सरळ करण्याचे जे प्रकार तेव्हा चालायचे, त्यांवर त्यांनी सडकून टीका केली. क्षयाचा जंतू त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी तो बर्लिनमध्ये जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे शंभर वर्षांनंतर.

थोडक्यात, पाठदुखीमागचं गंभीर कारण बाहेरच्या खुणांवरून ओळखायचं, या कामाचा पहिला मोठा धडा मणक्याच्या क्षयरोगाने दिला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिरजेची गाडी

आता आपल्या भागात येऊ. सोलापूर हे गिरणीचं गाव. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली 'जुनी मिल', १८७७ साली सुरू झाली. त्यापाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, खेड्यातून कामगार आले आणि दाटीच्या चाळी उभ्या राहिल्या. दाटी, कोंदट हवा आणि अर्धपोटी शरीर, क्षयाला याहून जास्त काही लागत नाही. भारतातल्या क्षयरोगाची सरकारी पाहणी आर्थर लँकेस्टर यांनी केली, तिचं पुस्तक १९२० साली आलं. शहरातली दाटी हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

तेव्हा औषध नव्हतंच. उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, सकस अन्न. त्यासाठी सॅनेटोरियम. आपल्या भागात त्याचं मोठं ठिकाण मिरज. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे हॉस्पिटल उभारलं आणि पुढे जवळच वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी सॅनेटोरियम झालं. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९२७ मध्ये कुर्डुवाडी-पंढरपूरकडून थेट मिरजेपर्यंत जाऊ लागली, तेव्हा आपल्या जिल्ह्यासाठी मिरज बरंच जवळ आलं.

मणक्याचा क्षय झालेल्याला काय करायचे? महिनोन्महिने पलंगावर झोपवून ठेवायचे. पाठीला प्लास्टरचं जॅकेट घालायचं, मुलांना साच्यासारख्या पलंगात बांधून ठेवायचं. कुबड वाढू नये आणि पाय जाऊ नयेत, एवढीच आशा.

पलंग सुटला

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं. औषधं आली तरी 'विश्रांती हवीच' हा समज काही गेला नाही. तो घालवला तो चाचण्यांनी. संशोधन पद्धतीच्या तासाला हमखास सांगाव्या अशा या चाचण्या आहेत.

पहिली मद्रासची. तिथे १९५६ मध्ये भारत सरकार, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून केंद्र काढलं. फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये आणि दुसरा स्वतःच्या घरी, त्या दाटीतच. औषधं सारखीच. १९५९ साली निकाल छापला गेला. घरी राहूनही रुग्ण बरे होतात, हे त्यातून दिसलं.

मग मणक्याची पाळी आली. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या गटाने कोरियात दोन चाचण्या केल्या, निकाल १९७३ मध्ये आले. मासान शहरात सहा महिने पलंगावर विश्रांती घेणारे आणि चालत-फिरत बाह्यरुग्ण विभागात येणारे, अशी तुलना केली. पुसानमध्ये प्लास्टरचं जॅकेट घातलेले आणि न घातलेले यांची. दोन्हीकडे औषध नीट घेतलं की विश्रांतीने किंवा जॅकेटने खास फरक पडत नव्हता. दुसऱ्या बाजूला हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक १९५६ पासून पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करून किडलेलं हाड काढत होते. या दोहोंच्या मधली वाट दाखवली ती आपल्याच वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी. औषधं सगळ्यांना, शस्त्रक्रिया फक्त गरज असेल त्यांनाच. १९७५ मध्ये त्यांनी निकाल छापले. 'मिडल पाथ' या नावानेच ती पद्धत जगभर ओळखली जाते.

या सगळ्याचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर, १९७५ पर्यंत मणक्याचा क्षय हा बहुतांशी गोळ्यांनी बरा होणारा आजार झाला होता. आता नुकसान ठरणार होतं ते एकाच गोष्टीवर, ओळखायला किती उशीर झाला यावर.

चिठ्ठी घेऊन येणारा रुग्ण

मग ओळखायचं कुणी? फिजिओथेरपिस्टने नाही, असंच तेव्हाचं उत्तर होतं.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं. त्याच हॉस्पिटलमध्ये कमला निंबकर यांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली होती. १९५५ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्सची स्थापना झाली. त्या काळी मुख्य काम पोलिओची मुलं, मोडलेली हाडं, अर्धांगवायू यांचं. रुग्ण यायचा तो डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, शेक, वजन, व्यायाम. निदान आधीच झालेलं आहे, हे गृहीत. मग फिजिओथेरपिस्टला धोक्याच्या खुणांची यादी लागेलच कशाला?

ही घडी मोडली ती आधी ऑस्ट्रेलियात. १९७६ मध्ये तिथल्या फिजिओथेरपी संघटनेने 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय रुग्ण बघायचा नाही' हा आपल्या आचारसंहितेतला नियमच काढून टाकला. ब्रिटनमध्येही १९७० च्या दशकाच्या अखेरीस फिजिओथेरपिस्टना उपचार ठरवण्याची मोकळीक मिळाली. आता रुग्ण थेट येऊ शकत होता, म्हणजे दारात पहिल्यांदा भेटणारा माणूस फिजिओथेरपिस्ट असू शकत होता. स्वायत्तता आली तशी जबाबदारीही आली.

आपल्याकडे कायद्याचं चित्र सावकाश बदललं. महाराष्ट्राचा ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेचा कायदा २००२ चा, केंद्राचा अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा २०२१ चा. व्यवहार मात्र कायद्याच्या पुढे धावला. आज सोलापुरात कंबर धरली की माणूस काय करतो? आधी घरचं तेल आणि शेक. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी. मग कुणीतरी सांगितलेला मालीशवाला किंवा हाडवैद्य. मग कमरेचा पट्टा. आणि कधीतरी चिठ्ठीबिठ्ठी काही न घेता थेट फिजिओथेरपीचं क्लिनिक. तोवर दोन-तीन महिने सहज गेलेले असतात.

यादी जन्मली

ज्या यादीपासून सुरुवात केली ती १९८० च्या दशकात घडू लागली, आणि तिच्यामागची चिंता आपल्याला वाटते त्याच्या जवळजवळ उलटी होती. पाश्चात्त्य देशांत कंबरदुखीसाठी एक्स-रे, स्कॅन, शस्त्रक्रिया आणि कामावरच्या रजा यांचा पूर आला होता. स्कॉटलंडचे ऑर्थोपेडिक सर्जन गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ च्या आपल्या गाजलेल्या लेखात सांगितलं की कंबरदुखीकडे नुसता हाडाचा बिघाड म्हणून बघू नका, माणूस, त्याची भीती, त्याचं काम हेही बघा. पण असं म्हणायचं तर आधी खात्री हवी की यात गंभीर काही नाही. म्हणून तीन कप्पे ठरले. साधी कंबरदुखी, नस दाबली गेल्याची कंबरदुखी आणि मागे गंभीर आजार असलेली कंबरदुखी. रेड फ्लॅग म्हणजे या तिसऱ्या कप्प्याची चाळणी. बाकीच्या बहुसंख्यांना विनाकारण तपासण्यांपासून वाचवणं हाही तिचा एक हेतू होता.

चाळणीची भोकं कुठे पाडायची, हे आकड्यांवरून ठरलं. रिचर्ड डेयो आणि अँड्र्यू डील यांचा १९८८ चा अभ्यास यात कळीचा. अमेरिकेतल्या वॉक-इन क्लिनिकमध्ये पाठदुखी घेऊन आलेले १९७५ रुग्ण. (हे साल नाही बरं का, रुग्णांची संख्या आहे!) त्यांपैकी १३ जणांना कॅन्सर निघाला, म्हणजे ०.६६ टक्के. त्या तेरा जणांत काय वेगळं होतं? वय पन्नास किंवा त्याहून जास्त, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, न समजणारी वजनघट, महिनाभर उपचार करूनही फरक नसणं, वाढलेला ईएसआर. आपल्या पाठांतरातला 'पन्नास' हा आकडा कुठून येतो, ते लक्षात आलं?

मग १९९४ हे महत्त्वाचं साल. अमेरिकेत एएचसीपीआर या सरकारी संस्थेने तीव्र कंबरदुखीची मार्गदर्शिका काढली आणि ब्रिटनमध्ये क्लिनिकल स्टँडर्ड्स ॲडव्हायजरी ग्रुपचा अहवाल आला. रेड फ्लॅग हा शब्द आणि ती यादी जगभर पसरली ती यानंतर. पुस्तकांत गेली, तिथून आपल्या अभ्यासक्रमात आली, आणि तिथून क्लिनिकच्या छापील फॉर्मवर.

आता अमेरिकी यादीतला जंतुसंसर्गाचा भाग उघडून बघा. मणक्याच्या संसर्गाचा धोका कुणाला? नुकताच जंतुसंसर्ग झालेल्याला, उदाहरणार्थ लघवीचा. शिरेतून नशा करणाऱ्याला. आणि स्टिरॉइड, अवयवरोपण किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्याला. 'घरात कुणाला क्षय झालाय का?' हा प्रश्न त्यात नाही. ज्या आजाराने १७७९ मध्ये हे सगळं शास्त्र सुरू केलं, तोच या यादीतून गळाला होता.

यात कुणाचं कारस्थान नाही. तिथल्या दवाखान्यांत १९८० च्या दशकात मणक्याचा क्षय क्वचितच दिसायचा, म्हणून यादी करणाऱ्यांच्या नजरेसमोर कॅन्सर होता. ब्रिटिश यादीत 'मणक्याच्या रचनेतला बाक' हा एक मुद्दा राहिला. मला त्यात जुन्या कुबडाची सावली दिसते, पण हा माझा अंदाज आहे, पुरावा म्हणून तो वापरू नका.

यादी तपासली तेव्हा

यादी पसरल्यावर कुणीतरी ती मोजून बघणं भाग होतं. ऑस्ट्रेलियात निकोलस हेन्श्के आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तीव्र कंबरदुखीच्या ११७२ रुग्णांचा अभ्यास छापला. गंभीर आजार निघाला तो ११ जणांत, म्हणजे ०.९ टक्के, आणि त्यांतली ८ फ्रॅक्चर होती. पण किमान एक रेड फ्लॅग किती जणांत? ८०.४ टक्क्यांत! म्हणजे एकेका खुणेवर विसंबून तपासणीला पाठवायचं ठरवलं तर दहातल्या आठांना पाठवावं लागेल. २०१३ मध्ये डाउनी आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र केले, तेव्हा मोजक्याच खुणा कामाच्या निघाल्या. कॅन्सरसाठी पूर्वीच्या कॅन्सरचा इतिहास, फ्रॅक्चरसाठी जास्त वय, स्टिरॉइडचा दीर्घ वापर आणि मोठा मार.

म्हणून २०२० मध्ये लॉरा फिनुकेन आणि सहकाऱ्यांनी जी आंतरराष्ट्रीय चौकट मांडली, तिचा भर वेगळा आहे. एकटी खूण मोजत बसू नका, खुणांचा गुच्छ बघा. माणसाची पार्श्वभूमी बघा. शंका किती आहे ते ठरवा आणि त्याप्रमाणे लगेच पाठवायचं की उपचार देत बारीक लक्ष ठेवायचं ते ठरवा. चार गंभीर गट त्यात घेतलेत, नसांच्या जुडग्यावरचा दाब, फ्रॅक्चर, कॅन्सर आणि संसर्ग.

सोलापुरात काय बदलतं?

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. हाडांच्या क्षयापैकी जवळपास निम्मा मणक्यात होतो. हा क्षय दिसतो कसा?

सुरुवात हळू होते, आठवडे-महिने नुसती पाठ दुखते. बऱ्याचदा दुखणं छातीच्या मागच्या मणक्यांत किंवा छाती-कंबर जिथे जुळते तिथे असतं. आपण 'लो बॅक'चा फॉर्म भरत बसलो तर तिथे हातच जात नाही. रुग्ण पाठ ताठ धरतो. जमिनीवरचं नाणं उचलायला सांगितलं तर कमरेतून न वाकता गुडघे दुमडून खाली बसतो. मणक्यांच्या रेषेवरून बोट फिरवलं तर एखादा मणका पुढे आलेला लागतो, कुबडाची ती पहिली चाहूल. कधी पू सोआस स्नायूच्या आवरणातून खाली उतरून जांघेत गळू दिसतं आणि ते गरमही लागत नाही. मज्जारज्जूवर दाब आला की पाय जड होतात, चालताना अडखळतात. आपल्याकडचे रुग्ण एक वाक्य हमखास सांगतात, 'चप्पल पायातून निसटते आणि कळतच नाही.' हे ऐकलं की हातोडी काढून गुडघ्याचे रिफ्लेक्स आणि तळपायाची चाचणी तिथल्या तिथे करायची. पॉट यांनी टिपलेला तो ताठरपणा आता तुमच्या समोर असतो.

आणि यातल्या अडचणी बघा. रुग्ण अनेकदा तरुण असतो, म्हणजे 'वय पन्नासच्या वर' ही चाळणी त्याला सरळ पास करते. ताप आणि वजनघट बऱ्याच जणांत नसते. छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. मणक्याच्या साध्या एक्स-रेमध्ये बिघाड दिसायला हाड बरंच झिजावं लागतं, त्यामुळे सुरुवातीचा 'नॉर्मल' रिपोर्ट खात्रीचा नाही, एमआरआय लागतो.

सोलापूरची स्वतःची एक अडचण आहे, ती कुठल्याच पुस्तकात नाही. इथे पाठदुखीला कारण आयतं मिळतं. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून विडी वळणाऱ्या हजारो बायका, यंत्रमागावर उभे राहणारे कामगार. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं आहेत, ती विडी कामगार बायकांची. तिथल्या एखाद्या तिशीतल्या बाईने 'पाठ दुखते' म्हटलं की तिच्यासकट सगळे म्हणणार, 'विडी वळते ना, दुखणारच.' बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जिला तीन महिने झालेत, रात्रीही चैन नाही, सुट्टीच्या दिवशीही फरक नाही, आणि जिच्या दिराने मागल्या वर्षी क्षयाच्या गोळ्या घेतल्यात, तिलाही हेच उत्तर मिळालं तर घात होतो. कामाचं कारण खरं असलं, तरी त्यामुळे दुसरं कारण नाहीसं होत नाही.

आता थोडं गणित. आकडे निव्वळ समजण्यासाठी, काल्पनिक आहेत. समजा एक खूण आजार असलेल्या ८० टक्के लोकांत दिसते, आणि आजार नसलेल्या २० टक्क्यांतही दिसते. एका गावात १००० पाठदुखीवाल्यांत आजार असलेले ५. खूण दिसणारे किती? आजार असलेले ४ आणि नसलेले १९९. म्हणजे खूण दिसलेल्या २०३ जणांत खरे रुग्ण ४, साधारण २ टक्के. दुसऱ्या गावात तेच १०००, पण आजार असलेले ५०. आता खूण दिसणारे आजारी ४० आणि निरोगी १९०. २३० पैकी ४०, म्हणजे सुमारे १७ टक्के. खूण तीच, हात तोच, फक्त गाव बदललं आणि खुणेचं वजन जवळपास नऊपट झालं.

म्हणून एका शहराची यादी दुसऱ्या शहराला जशीच्या तशी लावता येत नाही. भारतीय मार्गदर्शिका याबाबत स्पष्ट आहेत. २०१६ च्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शिकेत हाडांच्या क्षयाला १२ महिन्यांचा उपचार सांगितलाय, गरज पडली तर १८ महिन्यांपर्यंत. औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात. म्हणजे रुग्ण वेळेत पोचला तर पुढची वाट तयार आहे. प्रश्न पोचण्याचा आहे, आणि त्या वाटेवर अनेकदा आपलं क्लिनिक येतं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. शंका असेल तर वजन लावणं, मणका झटक्याने 'बसवणं' हे आधी थांबवा. लघवी अडकली असेल, बसायच्या जागी बधिरपणा असेल किंवा पायांची ताकद झपाट्याने जात असेल तर 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि चिठ्ठी लिहिताना नुसतं 'पाठदुखी' न लिहिता काय दिसलं ते लिहा, किती आठवडे, कुठल्या पातळीवर, रिफ्लेक्स कसे, घरात क्षय आहे का. निदान आपण करत नाही, पण आपण लिहिलेल्या दोन ओळींमुळे पुढच्या डॉक्टरांचा आणि रुग्णाचा महिना वाचू शकतो.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी

यातून प्रश्न कसे निघतात बघा. कुठलीही तपासणी-यादी हातात आली की तिला तीन गोष्टी विचारायच्या.

एक, कुणाच्या रुग्णांवरून झाली? देश, दवाखान्याचा प्रकार, वय, काम. डेयो यांचे रुग्ण आणि कुंभारीच्या बायका एक नाहीत.

दोन, 'खरा आजार' कशावरून ठरवला? ज्यांचा एमआरआयच झाला नाही, त्यांना 'आजार नाही' असं धरलं का? हेन्श्के यांच्यासारख्या अभ्यासात रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करतात तो याचसाठी. हा भाग आपल्याकडे सर्वात अवघड आहे, कारण रुग्ण क्लिनिक बदलतो, गाव बदलतो.

तीन, यादी कोणत्या चिंतेतून जन्मली? जास्त तपासण्या टाळायच्या होत्या की उशीर टाळायचा होता? अमेरिकेतली १९९४ ची चिंता आणि आपली आजची चिंता यांत फरक आहे, आणि तो यादीत उतरतो.

हे तीन प्रश्न विचारले की प्रबंधाचे विषय शोधायला लांब जावं लागत नाही. मणक्याच्या क्षयाचं निदान झालेल्या रुग्णांना मागे जाऊन विचारा, पहिलं दुखणं कधी, पहिली भेट कुणाची, मध्ये कुठे-कुठे थांबले. नुसती ही वाट नोंदवली तरी एक चांगला अभ्यास होतो. किंवा आपल्या भागातल्या क्लिनिकचे छापील फॉर्म गोळा करा आणि बघा, घरातल्या क्षयाचा प्रश्न किती फॉर्मवर आहे. परवानगी, एथिक्स कमिटी, रुग्णाची ओळख झाकणं हे सगळं आधी, ते विसरू नका. गिरणगावाची पार्श्वभूमी हवी असेल तर धनंजयराव गाडगीळ यांचं सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचं पुस्तक (गोखले इन्स्टिट्यूट, १९६५) मिळवा, शहर कळल्याशिवाय शहराचे आजार कळत नाहीत.

यादी पाठ करू नका असं मी म्हणत नाही. परीक्षा आहे, करावीच लागेल. पण आपल्या फॉर्मवर पेनाने दोन ओळी वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. 'घरात किंवा शेजारी कुणाला क्षय?' आणि 'चालताना चप्पल निसटते का?'

पुढच्या पोस्टमध्ये मासानच्या चाचणीत गट कसे पाडले आणि त्यातून आपण काय शिकायचं, ते सविस्तर बघू. प्रश्न असतील तर खाली लिहा.